समुद्रकाठचा मुक्काम



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साधारणतः भारदस्त विषय येतात. कोणी लोकशाहीच्या भवितव्याविषयी बोलतो, कोणी संतवाङ्मयाविषयी, कोणी अर्थकारणाविषयी. अशा पंक्तीत 'समुद्रकाठी सुट्टीला गेल्यावर उतरावे कोठे' हा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे पक्वान्नांच्या ताटात चटणी वाढण्यासारखे आहे, असे कोणास वाटल्यास त्यात नवल नाही. माझे म्हणणे इतकेच की चटणीलाही ताटात तिची ठरलेली जागा असते, आणि ती चुकली तर जाणत्या यजमानाच्या ते ध्यानात येते.

शिवाय या विषयाचा हंगाम आताच आहे. परीक्षा आटोपल्या आहेत. आपल्या या घाटावरच्या गावात दुपारी रस्ते ओस पडू लागले आहेत. घरोघरी रात्रीच्या जेवणानंतर 'यंदा कोकणात जायचे' असे बेत चालले असतील. तारखा ठरतात, गाडी ठरते, बरोबर कोण येणार यावर रुसवेफुगवे होऊन तेही ठरते. आणि उतरावयाचे कोठे हे मात्र मोबाईलवर चार छायाचित्रे पाहून पाच मिनिटांत उरकले जाते. त्या पाच मिनिटांत एकच प्रश्न विचारला जातो : 'खोलीतून समुद्र दिसतो का?'

हा प्रश्न चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो शेवटी विचारावा, एवढेच मला सुचवावयाचे आहे. त्याच्या आधी चार प्रश्न आहेत. घर समुद्रापासून किती आत आहे? तेथे पाणी कोठून येते आणि वापरून झाल्यावर कोठे जाते? समुद्राविषयी चार शब्द सांगणारे तेथे कोणी आहे काय? आणि आपण देतो ते पैसे कोणाच्या घरात जातात? या चार प्रश्नांवर आपली सुट्टी अवलंबून आहे, प्रसंगी आपला जीव अवलंबून आहे, आणि ज्या किनाऱ्यावर आपण जातो त्याचे पुढे काय होणार हेही पुष्कळसे अवलंबून आहे.

पहिला प्रश्न अंतराचा. समुद्रकाठी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांनी आपली घरे कोठे बांधली हे पाहिले तर बराच उलगडा होतो. आपण गुहागरला जा, दापोली तालुक्यातील मुरूडला जा, किंवा दिवेआगरला जा. गावातून एक रस्ता समुद्राला समांतर जातो. त्या रस्त्याच्या कडेला घरे आहेत आणि त्यांची तोंडे रस्त्याकडे आहेत. ओटी, पडवी, माजघर ओलांडून मागल्या दाराने बाहेर पडले की विहीर लागते, आणि विहिरीपलीकडे नारळी-पोफळींची वाडी पसरलेली असते. वाडी संपली की गडगा किंवा कुंपण, मग केवड्याची, उंडीची, अलीकडे सुरूची झाडे, मग वाळूचे उंचवटे, आणि त्यानंतर पुळण व समुद्र. म्हणजे समुद्र गावाच्या परसदारी आहे. ज्याच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे त्या माणसाने ओटीवर बसून समुद्र दिसावा अशी सोय केलेली नाही. त्याला सौंदर्यदृष्टी नव्हती असे आपण समजावे काय?

तसे समजण्याचे कारण नाही. खारा वारा लोखंड खातो, लाकूड खातो आणि भिंतीचा गिलावाही पोखरतो. आषाढात समुद्रावरून येणारा पाऊस आडवा येतो. तो छपरावर न पडता भिंतींवर पडतो. वारा वाळू उडवतो आणि ती वाळू अन्नात येते. ही सगळी पीडा वाडीतल्या झाडांनी अंगावर घ्यावी आणि घराने त्यांच्या मागे सुखाने बसावे, अशी ही योजना आहे. उन्हाळ्यातही तिचा उपयोग होतो. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. मे महिन्यात समुद्राकडे मोठी काच लावलेली खोली दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत तापत राहते. मग पडदा ओढावा लागतो, थंड हवेचे यंत्र लावावे लागते, आणि ज्या दृश्यासाठी जादा पैसे मोजले ते दृश्य पडद्याआड जाते. वाडीतल्या खोलीत त्याच वेळी समुद्रावरचा वारा सावलीतून गाळून येतो. समुद्र तेथून दिसत नाही, ऐकू मात्र येतो. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर समुद्र ऐकावयाचाच असतो.

वाळूच्या त्या उंचवट्यांकडेही जरा लक्ष द्यावयास हवे. त्यांच्यावर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली दिसते. तिचे नाव मर्यादवेल. तिच्या जोडीला रावणमिशी नावाचे काटेरी गवत असते. या दोघी आपल्या मुळांनी वाळू धरून ठेवतात आणि वाऱ्याने आलेली नवी वाळू अडवतात. असा धरलेला उंचवटा हाच किनाऱ्याचा खरा बांध. उधाणाच्या लाटा त्याची थोडी वाळू नेतात आणि शांत ऋतूत ती पुन्हा आणून टाकतात. समुद्राची मर्यादा कोठे संपते हे त्या वेलीला ठाऊक आहे, आणि ज्यांनी तिला ते नाव दिले त्यांनाही ठाऊक होते. समुद्र अधिक चांगला दिसावा म्हणून हा उंचवटा सपाट करून तेथे हिरवळ लावतात आणि खुर्च्या मांडतात, तेव्हा दृश्य मोकळे होते खरे. त्याबरोबर समुद्राचीही वाट मोकळी होते.

मुक्कामाच्या जागेतून समुद्र दिसलाच पाहिजे ही कल्पना आपल्याकडे मुळात बाहेरून आली. इंग्लंडात रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टराने १७५० साली समुद्रस्नान आणि समुद्राचे पाणी यांच्या औषधी गुणांवर ग्रंथ लिहिला आणि ब्रायटन येथे रुग्णांची रीघ लागली. पुढे १८४१ साली लंडनहून ब्रायटनला आगगाडी पोहोचली, आणि रुग्णांच्या मागोमाग सुट्टीकरी लोटले. त्यांच्यासाठी समुद्राकडे तोंड करून इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या थंड देशात उन्हाला फार मोल आहे. आपल्याकडे वैशाखात सावलीला मोल आहे. तेथली खिडकी येथे आणताना हा फरक आपण विसरलो.

आपल्याकडे मे महिन्यात कोकणात जाणारा पहिला पाहुणा म्हणजे मुंबईचा चाकरमानी. तो स्वतःच्याच घरी जात असे, त्यामुळे उतरावे कोठे हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. घाटावरची आपली माणसे हवापालटासाठी महाबळेश्वर-पाचगणीला जात. समुद्राकडे वळलीच तर बहुधा गणपतीपुळे किंवा हरिहरेश्वर अशा देवस्थानांना जाऊन भक्तनिवासात किंवा ओळखीच्या गुरुजींकडे उतरत. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, रस्ते सुधारले, घरोघरी मोटारी आल्या, आणि मागणी एकदम वाढली. ती पुरवण्यासाठी गावकऱ्यांनी घराशेजारी दोन-दोन खोल्या बांधल्या आणि बाहेरच्या भांडवलाने वाळूपर्यंत इमारती नेल्या. आज आपल्यासमोर निवडीला आहेत ती ही दोन टोके आणि त्यांच्यामधले पुष्कळ प्रकार.

या बाबतीत कायदाही आहे. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवावा असे कळवले. त्यातूनच पुढे १९९१ ची किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करू नये, हे तिचे एक मुख्य सूत्र होते. २०११ मध्ये ती अधिसूचना नव्याने काढण्यात आली. २०१९ मध्ये ती पुन्हा बदलली आणि दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ही २०० मीटरची मर्यादा ५० मीटरवर आणली गेली. त्याच २०१९ च्या अधिसूचनेत एक चांगली गोष्टही आहे. किनाऱ्यावरच्या स्थानिक लोकांनी, त्यांत मच्छीमारही आले, आपल्या राहत्या घराचे जोते व रूप न बदलता त्यात पाहुणे ठेवण्यास तिने वाव दिला आहे. कायद्याचा अर्थ वकिलांनी लावावा. पाहुण्याने एवढेच समजून घ्यावे की वाळूवर उभी असलेली नवी इमारत दिसली तर तिच्या परवानगीविषयी शंका घेण्यास जागा आहे, आणि वाडीतल्या जुन्या घरातली खोली सहसा निर्धोक आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी निसर्गाचा निवाडा आहेच. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले. वाड्याच्या वाडे आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. पोफळीचे झाड लावल्यापासून पीक हाती येईपर्यंत सहा-सात वर्षे जातात; म्हणजे एका दुपारने कित्येक कुटुंबांची अनेक वर्षे नेली. साथीमुळे त्या वर्षी पाहुणेही बंद होते. वाडी आणि पाहुणे ही दोन्ही उत्पन्ने ज्यांची एकदम गेली त्यांनी पुन्हा रोपे लावली. तेथे आपण आज उतरलो तर उभ्या असलेल्या झाडांची उंची पाहून ते वादळ किती जुने झाले हे मोजता येते.

आता दुसरा प्रश्न, पाण्याचा. समुद्रापासून शंभर-दोनशे पावलांवर असलेल्या विहिरीला गोडे पाणी लागते याचे घाटावरच्या माणसाला नेहमी आश्चर्य वाटते. त्याचे कारण असे की पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते वजनाला किंचित हलके असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका डच आणि विसाव्याच्या आरंभी एका जर्मन अभ्यासकाने, एकमेकांस न विचारता, याचे गणित मांडले. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. हा हिशेब ऐकावयास सुखाचा वाटतो. पण तो उलटा वाचून पाहा. उपसा करून वरची पातळी १ फुटाने खाली आणली की खालून खारे पाणी ४० फूट वर चढू पाहते. रहाटाने किंवा लहान पंपाने शिंपणे करणाऱ्या वाडीला ही विहीर शतकानुशतके पुरली. पण त्याच वाळूत खोल नळ उतरवून पोहण्याचा तलाव भरू लागले, तर शेजारच्या चार विहिरी मचूळ होण्यास वेळ लागत नाही. आणि एकदा खारे पाणी आत शिरले की नारळ काही काळ सोसतो, पोफळ सोसत नाही.

दोनशे पावलांवर अरबी समुद्र असताना त्याच्याकडे पाठ करून निळ्या फरशीच्या हौदात पोहण्यात काय मौज आहे, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न झाला. पण पाणी कोणाचे, हा आवडीचा प्रश्न नव्हे. मे महिन्यात कोकणात पाण्याचा तुटवडा असतो. तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात तो का असावा, याचे उत्तर तेथली जमीन देते. उतार तीव्र, कातळ सच्छिद्र, आणि पाणी भराभर समुद्राला मिळते. म्हणून खोली ठरवताना यजमानाला विचारावे : पाणी विहिरीचे आहे की टँकरचे? मैलापाणी शोषखड्ड्यात जाते, टाकीत जाते, की मागच्या ओढ्यात? या प्रश्नांनी यजमानास राग येत नाही. ज्याची व्यवस्था चांगली असते तो हौसेने दाखवतो. ज्याची नसते तो विषय बदलतो, आणि आपल्याला उत्तर मिळालेले असते.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समुद्राविषयी सांगणारे तेथे कोणी आहे काय? आपण घाटावरची माणसे. नदी, विहीर, तलाव आपल्याला कळतात. समुद्र हे मोठे तळे नव्हे, हे आपल्याला पुस्तकातून ठाऊक असते. पायांना ते ठाऊक नसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. ती मुले विशी-बाविशीची होती. प्रत्येक सुट्टीत अशा लहानमोठ्या बातम्या येतात आणि आपण त्या वाचून पान उलटतो.

भरती-ओहोटीचा एक जुना हिशेब किनाऱ्यावरच्या लोकांत प्रचलित आहे. तो आपण येथेच शिकून घेऊ. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा येतो, त्यामुळे हे गणित जमते. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याला ते बरेच बरोबर लागू पडते. दक्षिणेकडे रत्नागिरी-मालवणला भरती याहून काहीशी आधी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची. म्हणजे कालनिर्णय भिंतीवर असेल तर समुद्राचे वेळापत्रकही भिंतीवरच आहे. सुट्टीच्या तारखा ठरवतानाच ते पाहावे. पौर्णिमेचे चांदणे पाहावयास जाणाऱ्याने त्याच रात्री उधाण असते हे विसरू नये.

दुसरे असे की लाटांबरोबर किनाऱ्यावर चढलेले पाणी परत जाताना कधी कधी एका अरुंद वाटेने जोराने समुद्राकडे ओढते. त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्याला तीच जागा शांत व सुरक्षित वाटते आणि तो नेमका तेथेच उतरतो. ओढ लागली असता किनाऱ्याकडे सरळ पोहून ताकद घालवू नये. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत जावे, म्हणजे ती अरुंद ओढ सुटते. ही वाट कोठे आहे हे नकाशात नसते, कारण ती वाळूबरोबर जागा बदलते. ते गावातल्या माणसाला ठाऊक असते.

आणि मुक्कामाचा संबंध येथे येतो. सत्तर खोल्यांच्या इमारतीत चावी देणारा मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला असतो. तो तुम्हांला न्याहारीची वेळ सांगतो. ज्यांच्या वाडीत तुम्ही उतरता त्या काकू, तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून निघालात की ओसरीवरून विचारतात, 'आता कुठे निघालात? ओहोटी लागलीय. चहा घ्या, मग जा.' एखाद्याला हा अगोचरपणा वाटेल. पण त्या कपभर चहाने आजवर किती जीव वाचले असतील याची नोंद कोठेही होत नाही. मी आपणांस सांगतो, खोलीच्या भाड्यात हा चहा धरला तर त्या खोलीइतकी स्वस्त खोली दुसरी नाही.

चौथा प्रश्न पैशांचा. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे एक लहानसे गाव आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासप्रेमींना ते ठाऊक असेल. तेथल्या पुळणीवर समुद्री कासवे अंडी घालावयास येतात. पूर्वी ती अंडी कोल्हे-कुत्री खात आणि माणसेही नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंड्यांचे रक्षण सुरू केले. काही वर्षांनी, पिल्ले समुद्रात जाताना पाहावयास लोकांना बोलवावे अशी कल्पना निघाली. या कामी गावात मोठे हॉटेल उभारले गेले नाही. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, घरातल्या बायकांच्या हातचे जेवू लागले आणि पैसे त्या घरांत राहिले. मग कासवाचे अंडे चोरून विकण्यापेक्षा ते राखण्यात गावाचे हित आहे हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. येथेही मुक्काम किनाऱ्यापासून आत असण्याला अर्थ आहे. पिल्ले अंड्यातून निघाली की उजेडाच्या दिशेने चालू लागतात. मोकळ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. वाळूवर दिव्यांच्या माळा लावलेल्या असतील तर ती उलट्या दिशेने चालतात आणि मरतात.

आता दुसरी बाजू. घरगुती मुक्काम म्हणजे सगळे सुखच, असा माझा दावा नाही. कित्येक ठिकाणी स्वच्छतागृह अंगणापलीकडे असते आणि पाखाडीच्या चिऱ्यांवरून रात्री जाणे म्हाताऱ्या माणसांना जड जाते. कोठे वीज जाते. डास असतात. जेवण वेळेवर जेवावे लागते, कारण तुमच्यासाठी चूल दुपारी चारला पुन्हा पेटत नाही. गुडघे दुखणारे आईवडील बरोबर असतील, घरात आजारपण असेल, तर तालुक्याच्या गावी, रुग्णालयाजवळ, तळमजल्यावर खोली मिळेल असे चांगले हॉटेल घ्यावे. त्यात कमीपणा नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने आहेत, आणि निवास-न्याहारी योजनाही आहे. तिच्यात नोंदलेली घरे शोधता येतात. उलट 'घरगुती' अशी पाटी लावून वाळूच्या उंचवट्यावर सिमेंटची खुराडी बांधणारेही आहेत. लहान म्हणजे चांगले आणि मोठे म्हणजे वाईट असे सूत्र मी सांगत नाही. पाटी न वाचता चार प्रश्न विचारावे, एवढेच सांगतो.

काही बारीकसारीक गोष्टी. नावांची खात्री करून घ्यावी. मुरूड दोन आहेत. एक जंजिऱ्याजवळचे, रायगड जिल्ह्यात, आणि एक दापोली तालुक्यातले, महर्षी कर्व्यांचे बालपण जेथे गेले ते. वेळासही श्रीवर्धन तालुक्यात आणखी एक आहे. खोली एका गावी आणि कुटुंब दुसऱ्या गावी अशी अवस्था व्हावयास नको. मासे खाणाऱ्याने ध्यानात ठेवावे की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत 'आजचीच ताजी सुरमई' कोणी ताटात वाढली तर तिचा जन्मदिनांक विचारावा. ज्या घरी जे शिजते तेच तेथे मागावे. शाकाहारी घरात सुके बोंबील मागू नये आणि भंडारवाड्यात जाऊन पनीर मागू नये. घावन, आंबोळ्या, फणसाची भाजी, सोलकढी सोडून जो नूडल्स मागतो त्याने एवढा घाट कशासाठी उतरला हे त्याचे त्याला ठाऊक. आणि शक्य असेल त्यांनी मे महिना टाळून कार्तिक-मार्गशीर्षात जावे. तेव्हा विहिरी भरलेल्या असतात, समुद्र निवलेला असतो, भाडे कमी असते, आणि यजमानाला तुमच्याशी बोलावयास वेळ असतो.

यजमानाचे कर्तव्य आहे तसे पाहुण्याचेही आहे. आपण पैसे देतो म्हणून ते घर आपले होत नाही. रात्री अकरानंतर कर्णा लावून वाडी हादरवणे, पुळणीवर मोटार घालणे, बाटल्या वाळूत पुरणे, हे सारे करणारे कोणी परग्रहावरून येत नाहीत. ते आपल्याच पेठांतून जातात. भरतीच्या वेळी वाळूत रुतलेली मोटार ओढून काढण्यास शेवटी त्याच गावातले बैल किंवा ट्रॅक्टर लागतो. पुळण हा गावाचा रस्ता नव्हे. काही ठिकाणी ते गावाचे अंगण आहे, कोळीवाड्यात जाळी आणि मासळी वाळत घालण्याचे खळे आहे. तेथे आपण चपला हातात घेऊन, वाट विचारून जावे.

कोणी म्हणेल, आम्ही चार दिवसांसाठी जाणार. एवढ्या विचाराचे ओझे कशाला? त्याला माझे उत्तर असे. किनाऱ्यावर काय बांधले जाईल हे सरकार ठरवते, भांडवलदार ठरवतो, असे आपण समजतो. परंतु ज्या खोलीला गिऱ्हाईक नाही ती खोली कोणी बांधत नाही. दरवर्षी आपण लाखांच्या संख्येने घाट उतरतो आणि 'समुद्र दिसतो का' एवढेच विचारतो. म्हणून इमारती वाळूकडे सरकत आहेत. हेच लाख लोक उद्या 'घर वाडीत आहे ना? विहीर गोडी आहे ना?' असे विचारू लागले, तर वाडी राखणे फायद्याचे ठरेल आणि मर्यादवेल जागच्या जागी राहील. कोकणातला मुलगा मुंबईची खोली सोडून परत येतो तो बहुधा अशा दोन-तीन खोल्यांच्या भरवशावरच. त्याच्या आईने वाडी राखली म्हणून त्याला परत येण्यास जागा उरली. आपल्या चार दिवसांच्या भाड्याने ती जागा राहते किंवा जाते.

तेव्हा या सभागृहातून घरी गेल्यावर आपण फोन लावाल, तेव्हा हे चार प्रश्न क्रमाने विचारावे. उत्तरे समाधानाची मिळाली तर मग पाचवा प्रश्न अवश्य विचारा. आणि पलीकडून, 'समुद्र दिसत नाही हो, पण वाडीतून पायवाट आहे, पाच मिनिटांत पोहोचाल,' असे उत्तर आले, तर खोली लगेच ठरवून टाका; मे महिन्यात अशा खोल्या फार दिवस रिकाम्या राहत नाहीत.